वारा, गाड्या आणि पावशा: ध्वनिमुद्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

परिसरातले आवाज टिपणं, त्यातून कलाकृती घडवणं आणि शहराच्या गोंगाटाचा पशुपक्ष्यांवर होणारा परिणाम या विषयांवर वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटेचे पक्षी मोबाइलवर रेकॉर्ड केले. ऐकताना वाऱ्याची भुरभुर आणि पौड रस्त्याची घरघरच जास्त येते. पावशाचा आवाज मधेच बुडाल्यासारखा होतो. चांगला मोबाइल घ्यावा की वेगळं यंत्र?
*– एक वाचक, कोथरूड*

उत्तर : महागडा मोबाइल घेऊन हा दोष जाणार नाही. मोबाइलचा माइक आणि त्यामागची प्रणाली माणसाचं बोलणं टिपण्यासाठी बेतलेली असते. सलग चालणारा कुठलाही आवाज ती गोंगाट समजून दाबते. शांतता झाली की पातळी आपोआप वाढवते, आणि जवळून कुणी खाकरलं की झटकन खाली आणते. पावशा बुडतो तो यामुळे. त्यापेक्षा हातात मावणारा, दोन माइकचा साधा रेकॉर्डर घ्या. घेताना दोनच गोष्टी पाहा: पातळी हाताने लावता आली पाहिजे आणि फाइल वेव्ह प्रकारात साठवली गेली पाहिजे.

रेकॉर्डरइतकंच महत्त्वाचं आहे ते त्याचं केसाळ कव्हर. बाजारात ते ‘डेडकॅट’ नावाने मिळतं. रेकॉर्डिंगमधली भुरभुर म्हणजे पानांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज नव्हे. हवेचे लहान भोवरे थेट माइकच्या पडद्यावर आदळतात, त्याचा तो धक्का असतो. रेकॉर्डरसोबत येणारी स्पंजची टोपी घरात पुरते, टेकडीच्या माथ्यावर नाही. केसाळ कव्हरमुळे भोवरे माइकपासून दूरच मोडतात. त्याचे केस ओले झाले किंवा चिकटून बसले, तर मात्र उपयोग निम्म्यावर येतो. म्हणून पावसाळ्यात दुसरं कोरडं कव्हर जवळ ठेवा.

सेटिंग असं ठेवा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ऑटो लेव्हल बंद. सगळ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या काट्यावर उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतकी पातळी लावा. टिटवी डोक्यावरून ओरडत गेली तरी आवाज फाटता कामा नये. नव्या रेकॉर्डरमध्ये ‘३२ बिट फ्लोट’ असेल तर पातळीची चिंता बरीच कमी होते, फाइल मात्र एक तृतीयांशाने मोठी होते. रेकॉर्डरमधला, खर्जातले आवाज कापणारा लो-कट फिल्टर शक्यतो बंद ठेवा. त्याने कापलेला भाग परत मिळत नाही, आणि तेच काम घरी संगणकावर करता येतं. अपवाद एकच: कव्हर लावूनही वाऱ्याच्या धक्क्याने पातळीचा काटा नाचत असेल, तर ८० किंवा १०० हर्ट्झचा फिल्टर तिथेच लावा.

आता जागा. रस्ता हा एका बिंदूतून निघणारा आवाज नाही, ती आवाजाची लांबलचक रेषा आहे. त्यामुळे अंतर दुप्पट केलं तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. रस्त्यापासून २०० मीटरवर असाल आणि आणखी २०० मीटर चालत गेलात, तर हाती येतात तेवढेच ३ डेसिबल. याउलट मधे जमिनीचा उंचवटा आला आणि रस्ता नजरेआड झाला, की एकदम ५ डेसिबल किंवा त्याहून जास्त फरक पडतो. माथ्यावर, जिथून शहर छान दिसतं, तिथे रेकॉर्डर लावू नका. शहर दिसतं तिथे ते ऐकूही येतं. उताराच्या पलीकडच्या कुशीत बसा. जुन्या दगडखाणीत गाड्या कमी ऐकू येतात, पण खडकाच्या उभ्या भिंतींवरून आवाज परततो आणि पक्षी घुमटात ओरडल्यासारखा वाटतो. खाणीत बसायचंच असेल तर भिंतीपासून दूर, झुडपांलगत बसा.

वेळेचंही तसंच आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. वर निघालेला आवाज अशा वेळी वळून पुन्हा खाली येतो आणि एरवी ऐकू न येणारा दूरचा महामार्गही स्पष्ट ऐकू येतो. जानेवारीतल्या शांत पहाटे रस्ता जवळ आल्यासारखा वाटतो तो याच कारणाने. शिवाय आपल्याकडच्या टेकड्यांवर पक्ष्यांचं गाणं रंगतं ते उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत. मे-जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. त्याआधी अर्धा-पाऊण तास रेकॉर्डर सुरू झालेला हवा. टेकडीवर जिथे प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या आहेत तिथे त्या पाळा आणि अंधारात एकट्याने जाऊ नका.

रेकॉर्डर हातात धरू नका. बोटांची हालचाल, बाहीची सळसळ, श्वास, सगळं येतं. छोट्या तिकाटण्यावर लावून १०-१५ पावलं मागे सरा, यंत्र नजरेसमोर ठेवा आणि किमान १० मिनिटं तरी थांबा. आपण येऊन बसल्यावर गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलते व्हायला तेवढा वेळ लागतोच. शेवटी, मुद्रण बंद करण्यापूर्वी, तारीख, वेळ, जागा, माइकची दिशा, वारा आणि ढग यांची नोंद रेकॉर्डरमध्येच बोलून ठेवा. वही हरवते, फाइलमधलं बोलणं फाइलसोबतच राहतं.

प्रश्न : रेकॉर्डिंगमधली गाड्यांची घरघर सॉफ्टवेअरने काढून टाकावी का? प्रदर्शनात टेकडीचा नैसर्गिक आवाज ऐकवायचा आहे.
*– कला शाखेची एक विद्यार्थिनी, एरंडवणे*

उत्तर : मूळ फाइलला हातच लावू नका. तिची एक प्रत करा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा.

तांत्रिक बाजू आधी पाहू. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, फाइल आत घ्या, पट्टीच्या नावावर क्लिक करून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडा. आता आडवा अक्ष वेळेचा आणि उभा अक्ष आवाजाच्या उंचीचा. तळाशी दाट, अखंड पट्टा दिसेल तो वाहनांचा. त्याची बहुतेक शक्ती २ किलोहर्ट्झच्या खाली असते. भारद्वाजाचे घुमणारे हुंकार ५०० हर्ट्झच्या खालीवर, म्हणजे थेट त्या पट्ट्यात गाडलेले दिसतील. कोकिळाची वर चढत जाणारी रेघ एक-दीड किलोहर्ट्झच्या आसपास, त्या पट्ट्याच्या काठावर दिसेल. शिंप्याची किरकिर आणि रातकिडे मात्र वर मोकळ्यावर. म्हणजे १५० हर्ट्झच्या खालचं कापलं तर पक्षी न गमावता घरघर थोडी हलकी होते. त्याहून वर कापत गेलात की भारद्वाज जातो. ‘नॉइज रिडक्शन’ जोरात लावलं तर उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, आणि सगळ्यात आधी नाहीशी होते ती पानांची सळसळ, कारण सॉफ्टवेअरला तीही गोंगाटच वाटते.

पण खरा आक्षेप तांत्रिक नाही. गाड्यांशिवायची वेताळ टेकडी आज अस्तित्वात नाही. ती ऐकवली तर प्रेक्षक सगळं ठीक आहे असं समजून घरी जाईल. अमेरिकन ध्वनिमुद्रक बर्नी क्रॉझ यांनी कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात लिंकन मेडो नावाच्या कुरणात १९८८ साली मुद्रण केलं. त्यानंतर तिथे निवडक झाडं तोडली गेली, आणि वर्षभराने त्यांनी त्याच जागी पुन्हा मुद्रण केलं. छायाचित्रात कुरण जवळजवळ पूर्वीसारखंच दिसत होतं. स्पेक्ट्रोग्राममध्ये मात्र पक्ष्यांच्या रेघा विरळ झाल्या होत्या. डोळ्यांना न दिसलेली हानी कानांना कळली, आणि ती कळली कारण आधीचं मुद्रण जसंच्या तसं जपलेलं होतं. आपल्याकडे टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्यासारखे प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहेत. रस्ता होवो न होवो, आजच्या टेकडीचा आवाज तारखेनिशी, घरघरीसकट नोंदलेला असायला हवा.

प्रदर्शनात दोन्ही प्रती ठेवता येतील: एक सौम्य फिल्टरची, एक मूळ. फिल्टर लावला असेल तर तसं पाटीवर लिहा.

प्रश्न : आमच्या गल्लीत दयाळ पहाटे दोन-तीनलाच गायला लागतो. हे वाहनांच्या आवाजामुळे का? गोंगाटाने पक्षी खरोखर बदलतात का?
*– एक वाचक, औंध*

उत्तर : बदलतात, आणि याचे चांगले पुरावे आहेत. नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जास्त गोंगाटाच्या भागातले नर गाण्यातले सर्वांत खालचे स्वर वर नेतात, असं त्यात दिसलं. इंग्लंडच्या शेफील्डमधल्या रॉबिन पक्ष्यांवरचा २००७ सालचा अभ्यास तुमच्या प्रश्नाशी थेट जुळतो. जिथे दिवसा आवाज जास्त, तिथले रॉबिन रात्री गातात, आणि त्याचा संबंध रस्त्यावरच्या दिव्यांपेक्षा दिवसाच्या गोंगाटाशी अधिक लागला. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोच्या पांढऱ्या डोक्याच्या चिमण्या हळू आणि खालच्या स्वरातही गाऊ लागल्या. म्हणजे गोंगाट थांबला की काही बदल उलटतात.

सगळ्यात डोळे उघडणारा प्रयोग अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला आहे. संशोधकांनी रस्ता नसलेल्या जंगलात अर्धा किलोमीटर लांब स्पीकरांची रांग लावून फक्त वाहनांचा आवाज वाजवला. गाडी नाही, धूर नाही, डांबर नाही. आवाज चालू असलेल्या दिवसांत पक्ष्यांची संख्या पाव हिश्श्याहून अधिक घटली.

तुमच्या दयाळाबद्दल एवढ्यावरून निकाल देता येत नाही. दयाळ तसाही फटफटण्याआधी गाणारा पक्षी आहे, आणि गल्लीत दिवाही असेल. महिनाभर रोज पहिल्या शिळेची वेळ, जवळचा दिवा चालू की बंद आणि आदल्या दिवशीची वर्दळ लिहून ठेवा. सणाच्या सुट्टीचे दिवस त्यात आले तर तुलना जास्त बोलकी होईल.

प्रश्न : झाडाच्या खोडातला आवाज टिपून ध्वनिशिल्प करायचं आहे. कंपनांची वीज करणाऱ्या पिएझो चकतीचा, वस्तूला टेकवून ठेवायचा कॉन्टॅक्ट माइक बनवला, पण आवाज पत्र्यासारखा किरटा येतो आणि मागे ‘हम्म’ चालू राहतं. काय चुकलं?
*– एक तरुण कलाकार, पिंपरी*

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही सहज सुटतात.

किरटेपणाचं कारण बहुधा तुमची चकती नाही, ती जिथे जोडली ते इनपुट आहे. २७ मिलिमीटरच्या पितळी चकतीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड असते. ती १० किलोओहमच्या साध्या इनपुटला जोडली की सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून पडतं. माइकच्या इनपुटचा रोध त्याहूनही कमी, दोन-तीन किलोओहम असतो, तिथे तर खोडाचा सगळा खर्ज जातो आणि उरतो पत्रा. तीच चकती १ मेगाओहमच्या इनपुटला जोडा. आता गळती ८ हर्ट्झच्या खाली जाते, म्हणजे ऐकू येणारं सगळं हाती राहतं. ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी असलेलं ‘हाय-झेड’, म्हणजे जास्त रोधाचं, इनपुट साधारण असंच असतं. ते नसेल तर मधे एक छोटं एफईटी बफर सर्किट घाला. एवढं करूनही थोडा कर्कशपणा राहील, कारण मोकळी चकती ४ किलोहर्ट्झच्या जरा वर स्वतःच घुमते. पाठीवर पुट्टी किंवा जाड रबराचा तुकडा दाबून बसवला की ते घुमणं मंदावतं.

‘हम्म’ येते ती उघड्या तारांमुळे. चकती आणि साधी दोन पदरी वायर मिळून अँटेना होते आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडते. एक पदरी शील्डेड केबल वापरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, चकती, केबल, जॅक, तांब्याची चिकटपट्टी सगळं एका फेरीत मिळतं. मधली तार चकतीच्या पांढऱ्या भागाला आणि तिच्याभोवतीची तारांची जाळी पितळेला जोडा. पितळ आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर डाख बसत नाही. पांढऱ्या भागावर सोल्डरिंगची सळई दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. जास्त तापलं की वरचा चांदीचा थर उचकटतो आणि चकती फुकट जाते. मग जोडावर इपॉक्सीचा थेंब द्या, पूर्ण चकतीवर विद्युतरोधक टेप आणि त्यावर तांब्याची पट्टी गुंडाळून ती पट्टी जाळीला जोडा. पट्टीचा मधल्या तारेला स्पर्श झाला तर आवाज पूर्ण बंद होईल, हे तपासून घ्या.

झाडाला खिळा किंवा भोक नको. साल जिथे पातळ आणि सपाट आहे तिथे चकती ठेवून रुंद कापडी पट्ट्याने बांधा, केबलला एक सैल वळसा द्या आणि काम झालं की सोडा. जाड, भेगाळ सालीच्या झाडात कंपनं चकतीपर्यंत पोहोचतच नाहीत. पिंपळ किंवा उंबराचं गुळगुळीत खोड बरं.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. अशा माइकमधून ऐकू येतं ते फांद्यांचं घासणं, वाऱ्याने खोडावर येणारा ताण, मुंग्यांची चाल, पावसाचे थेंब. रसवाहिन्यांचा आवाज ऐकू येत नाही. पाण्याच्या टंचाईत झाडांच्या वाहिन्यांत हवेचे बुडबुडे होऊन सूक्ष्म टिकटिक होते हे खरं, पण ती बहुतांशी मानवी कानाच्या आवाक्याच्या कितीतरी वर असते, आणि तिला वेगळी यंत्रणा लागते. पाटीवर ‘झाडाच्या रसाचं संगीत’ असं लिहू नका. मुंग्यांची चाल हीसुद्धा ऐकण्यासारखी गोष्ट आहे, तिला तिच्याच नावाने ऐकवा.

हीच चकती द्रव रबराच्या दोन-तीन थरांत बुडवून वाळवली की पाण्याखालचा माइक होतो. पाषाण तलावासारख्या संथ पाण्यात काठापासून थोडं आत, अर्धा मीटर खोल सोडा. जवळ एक वजन बांधा, पण चकती गाळात टेकू देऊ नका. पाणकिड्यांची करकर आणि उन्हात पाणवनस्पतींमधून सुटणाऱ्या बुडबुड्यांची टिचटिच मिळू शकते. मुठेच्या पात्रात काम करताना हातमोजे घाला आणि नंतर केबलही साबणाने धुवा.

प्रश्न : सोसायटीच्या बागेत स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावले तर पक्षी येतील, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. कोणते आवाज लावावेत?
*– सचिव, एक गृहनिर्माण सोसायटी, बावधन*

उत्तर : कोणतेही नकोत. नर पक्षी गातो तो बहुतेक वेळा ‘ही जागा माझी आहे’ हे सांगायला. स्पीकरवरचा आवाज म्हणजे त्याच्या हद्दीत घुसलेला, कधीच न दिसणारा आणि कधीच न दमणारा प्रतिस्पर्धी. तो खाणं सोडून, घरट्यापासून दूर जाऊन त्याच्याशी भांडत राहतो. काही दिवसांनी एकतर जागा सोडतो किंवा आवाजाकडे लक्षच देईनासा होतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणाऱ्या छायाचित्रकारांनाही हेच लागू आहे, विशेषतः विणीच्या काळात.

स्पीकरच्या खर्चात उथळ पाण्याचं मातीचं भांडं ठेवा: तीन ते पाच सेंटिमीटर खोल, मधे एक दगड, पाणी रोज बदललेलं. जागा असेल तर पांगारा, पळस, उंबर लावा. आणि पालापाचोळा फुंकणारं यंत्र सकाळच्या वेळी बंद ठेवा.

प्रश्न : प्रदर्शनात पहाटेचं रेकॉर्डिंग किती मोठ्याने वाजवावं?
*– एक कलाशिक्षक, सदाशिव पेठ*

उत्तर : जितकं टेकडीवर होतं तितकंच. मुद्रण करताना जागेवर ध्वनिमापकाने सरासरी पातळी मोजून ठेवा. दालनात प्रेक्षक जिथे उभा राहणार तिथे मापक ठेवून तोच भाग वाजवा आणि आकडा जुळेपर्यंत आवाज लावा. बहुतेकांना हा आवाज पहिल्यांदा फार कमी वाटतो. तो वाढवण्याचा मोह टाळा. पहाट मुळात हळू असते आणि प्रेक्षकाला थांबून कान द्यावा लागणं हाच त्या कलाकृतीचा गाभा आहे. दालन जंगली महाराज रस्त्यासारख्या रहदारीवर असेल तर आधी खिडक्यांना जाड पडदे लावा, पंखे बंद करा. तरीही पुरेशी शांतता मिळाली नाही, तर कानाभोवती बंद बसणारे हेडफोन वापरा. दोन मिनिटांचा तुकडा फिरवत बसू नका, ऐकणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. निदान २० मिनिटांचा सलग भाग घ्या.

प्रश्न : मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा तक्रारीसोबत जोडला तर चालेल का?
*– एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ*

उत्तर : जोडा, पण पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. प्रत्येक मोबाइलचा माइक वेगळा आणि तपासून न घेतलेला असतो. ग्राह्य मोजणीसाठी प्रमाणित ध्वनिमापक लागतो, तो मोजणीआधी ९४ डेसिबलचा ठरावीक स्वर देणाऱ्या उपकरणाने जुळवून घेतात. ॲप तुलनेला उपयोगी आहे: तोच मोबाइल, तीच खिडकी, तीच वेळ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तसा तो जाहीर झालेला असावा लागतो. तक्रारीत आकड्यापेक्षा तारीख, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ आणि आवाजाचं नेमकं ठिकाण जास्त कामाचं ठरतं.

प्रश्न : नदीकाठच्या दिव्यांखाली फिरणारी छोटी वटवाघळं साध्या रेकॉर्डरने टिपता येतील का?
*– दहावीतला एक वाचक, येरवडा*

उत्तर : नाही. त्यांचे आवाज बहुधा ४० किलोहर्ट्झच्या वर असतात आणि रेकॉर्डर त्याच्या सेटिंगच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज टिपतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर चालणारा २४ पर्यंतच पोहोचतो. ऑडिओमॉथ हे छोटं यंत्र ३८४ किलोहर्ट्झवर लावता येतं, म्हणजे १९२ पर्यंत पोहोचतं, तीन पेन्सिल सेलवर चालतं आणि संगणकावरून त्याला वेळापत्रक लावून देता येतं. ते जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवू नका, इतके उंच आवाज त्यातून आत येत नाहीत. मिळालेली फाइल दहापट हळू वाजवली की ४५ किलोहर्ट्झची चाहूल साडेचारवर येते आणि स्पष्ट टिकटिक ऐकू येते. किड्यावर झेप घेताना ती टिकटिक एकदम दाट होते. फळं खाणारी मोठी वटवाघळं असा आवाज वापरत नाहीत. झाडावर लटकून ती जी भांडतात ते साध्या रेकॉर्डरवर उत्तम येतं. कार्डात जागा बघून ठेव: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन माइक, म्हणजे तासाला सुमारे १ जीबी.